अंतराळात पाळी येते का? नववीतल्या मुलीचा प्रश्न

विज्ञानशिक्षिका:
नमस्कार. अंतराळ स्थानकाचा पाठ संपल्यावर एका मुलीने चार घड्या घातलेला वहीचा कागद माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर लिहिले होते, 'बाई, तिथे वजनच नसेल, तर पाळीचे रक्त खाली कसे येणार? आणि परत आल्यावर मूल होते का?' तिने धीर करून विचारले आहे. तिला खरे उत्तर मिळावे असे मला मनापासून वाटते.

स्त्रीरोगतज्ज्ञ:
बाई, शंका अगदी रास्त आहे. रक्त उलटे पोटात जाईल, ही भीती एकेकाळी डॉक्टरांनाही होती. परंतु गर्भाशयाच्या आकुंचनामुळे स्राव बाहेर येतो (आडवे झोपल्यावरही तो थांबत नाही, हे मुलींना लगेच पटेल), आणि अंतराळातही पाळी नेहमीसारखीच येते. तरीही अनेक अंतराळवीर स्त्रिया गर्भनिरोधक गोळ्या खंड न पाडता घेऊन पाळी थांबवून ठेवतात. तीन वर्षांच्या मोहिमेला अशा सुमारे ११०० गोळ्या लागतील, असा हिशेब २०१६ साली मांडला गेला होता. मला काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका काहीसा वाढतो, आणि स्थानकावरील एका अंतराळवीराच्या मानेतील शिरेत गुठळी आढळल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले आहे.

एक वाचक:
दुसऱ्या प्रश्नासाठी अंतराळात जाणाऱ्या पहिल्या स्त्री, सोव्हिएत अंतराळवीर व्हॅलेंतिना तेरेश्कोवा यांचे उदाहरण सांगता येईल. जून १९६३ मध्ये व्होस्तोक-६ या यानातून त्यांनी पृथ्वीला ४८ प्रदक्षिणा घातल्या आणि पुढच्याच जूनमध्ये त्यांना मुलगी झाली. तिचे वडील आंद्रियान निकोलायेव हेही अंतराळवीरच होते.

स्त्रीरोगतज्ज्ञ:
उदाहरण उत्तम आहे, मात्र ते उड्डाण तीन दिवसांहूनही कमी काळाचे होते, हे मुलींना अवश्य सांगावे. स्त्रीबीजांचा साठा जन्मापूर्वीच ठरलेला असतो आणि तो पुन्हा भरत नाही. अंतराळातील किरणोत्सारात असतात तशा जड भारित कणांचा मारा केल्यावर उंदरांच्या माद्यांमध्ये हा साठा घटल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणून लांबच्या मोहिमेवर निघणाऱ्या स्त्रीला, तिची इच्छा असल्यास, आधीच स्त्रीबीजे गोठवून ठेवण्याची सोय मिळायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

विज्ञानशिक्षिका:
मनापासून आभार. उद्या पहिल्या तासाला, मुलगे वर्गात असतानाच, हे उत्तर वाचून दाखवीन. मुलीचे नाव मात्र घेणार नाही.