प्रतिसाद: मऊ पाठीची कासवे एकाच प्रजातीची नाहीत
वरच्या लेखात मऊ पाठीची सगळी कासवे एकाच प्रजातीत धरली आहेत, ते मला पटत नाही. ट्रायोनिकिडी हे त्यांचे कुल (नात्यातल्या प्राण्यांचा मोठा गट) एकच असले, तरी त्यात दोन उपकुले आहेत. लिसेमिस पंक्टाटा या भारतातल्या मऊ पाठीच्या कासवाच्या पोटाकडील कवचाला मागे झडपा असतात आणि पाय आत ओढले की त्या मिटतात. लीथचे कासव हेही भारतातले मऊ पाठीचे कासव, पण त्याला त्या झडपा नसल्यामुळे ते दुसऱ्या उपकुलात जाते. नावांचा घोळ खरा याच कासवाचा आहे, कारण प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी १८७२ मध्ये त्याला ट्रायोनिक्स या गटात घातले, पुढे ते अस्पिडेरेटिस या गटात गेले, आणि ब्रह्मदेशातील निल्सोनिया फॉर्मोसा हे कासव त्याच शाखेतले असल्याचे जनुकीय अभ्यासातून दिसल्यावर, निल्सोनिया हे नाव अधिक जुने म्हणून, तेच स्वीकारले गेले. जुन्या पुस्तकांतली ही तीन नावे म्हणजे तीन वेगळी कासवे नव्हेत.