विंडोज-लिनक्सवरची रात्रीची कामं एकामागोमाग कशी लावायची? मदत हवी आहे

कुपवाड एमआयडीसीत कंपनीचं आयटी बघतो, ४ विंडोज सर्व्हर, २ लिनक्स. रात्री ११ ला एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसचा बॅकअप, तो लिनक्सवर कॉपी, मग त्यावरून स्टॉक रिपोर्ट. विंडोजच्या टास्क शेड्युलरवर आणि लिनक्सच्या क्रॉनवर नुसत्या वेळा लावल्यात, एकाला दुसऱ्याचा पत्ताच नसतो. परवा बॅकअप लांबला, कॉपीने आदल्या दिवशीचीच फाईल उचलली आणि सकाळी स्टोअरवाल्यांच्या हातात शिळा स्टॉक. काम झाल्याची खूण म्हणून फ्लॅग फाईल ठेवून बघितली, पण जुना फ्लॅग पुसायचा राहिला की परत तेच. एका जागेवरून सगळ्या सर्व्हरवर कामं चालवणारं अन्सिबल, विनआरएमने (विंडोज दुरून चालवायची सोय) विंडोजला जोडलंय, ते नीट चालतं, पण त्याला स्वतःचं शेड्युलिंग नाही.

क्लाउड चालणार नाही, लायसन्सला बजेट नाही, सांभाळणारा मी एकटाच. एक स्टेप फेल झाली की पुढचं थांबावं, मेल यावा आणि तिथूनच परत सुरू करता यावं, एवढ्यासाठी रनडेक या कामं ठरवून चालवणाऱ्या टूलची फुकट आवृत्ती पुरेल का तशाच कामाचं जेनकिन्सच लावू?