लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये कमी एमआयसी म्हणजे जास्त चांगलं औषध का?

शेवंती: आईचा (वय ५८) रिपोर्ट: ई. कोलाय, १ लाखाच्या वर कॉलनी, ईएसबीएल पॉझिटिव्ह. सेफिक्झिम, सिप्रोफ्लॉक्सासिन 'आर' (लागू पडत नाही). नायट्रोफ्युरँटॉइन 'एस' (लागू पडतं; एमआयसी ≤१६), मेरोपेनेम 'एस' (एमआयसी ≤०.२५). जळजळ आहे, ताप नाही. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ५ दिवस दिलंय. मेरोपेनेमचा आकडा एवढा कमी असताना ते का नाही?

सूक्ष्मदर्शी: दोन औषधांचे एमआयसी एकमेकांशी ताडून बघायचेच नसतात. जंतूंची वाढ थांबवायला त्या औषधाची कमीत कमी किती मात्रा लागते, एवढंच तो आकडा सांगतो (मायक्रोग्रॅम प्रति मिली). 'एस' ठरवण्याची मर्यादा प्रत्येक औषधाची वेगळी. सीएलएसआय या लॅबचे मानक ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या तक्त्यात ई. कोलायसाठी नायट्रोफ्युरँटॉइनला ३२ पर्यंत, मेरोपेनेमला १ पर्यंत 'एस'. शिवाय ≤१६ म्हणजे मशीनने तपासलेली सगळ्यात खालची पायरी. खरा आकडा त्याहून कमीही असेल.

नायट्रोफ्युरँटॉइन रक्तात फारसं साठत नाही, लघवीत भरपूर उतरतं. मूत्राशयापुरत्या जंतुसंसर्गाला हेच हवं. मेरोपेनेम शिरेतून द्यावं लागतं आणि गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवायचं असतं. ईएसबीएल हे जंतूंनी बनवलेलं एन्झाइम सेफिक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन फोडून टाकतं, त्यामुळे घरात उरलेल्या सेफिक्झिमच्या गोळ्यांना हात लावू नका.

औषधपेटी: स्ट्रिप नीट बघा. दोनदा घ्यायची ती एसआर (औषध हळूहळू सोडणारी). साधी असेल तर दिवसातून चारदा लागते. जेवणासोबतच द्या, मळमळ कमी होते आणि औषध शोषलंही जास्त जातं. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होईल, घाबरू नका. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा: किडनी कमी चालत असेल तर औषध लघवीत पुरेसं उतरत नाही, उलट अंगावर येतं.

शेवंती: धन्यवाद. क्रिएटिनिन नॉर्मल आहे. कोर्स संपल्यावर परत कल्चर करू?

सूक्ष्मदर्शी: त्रास थांबला तर नको. वाढत्या वयात बायकांच्या लघवीत लक्षणांशिवायही जंतू सापडतात. गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया सोडली तर त्यावर औषध देत नाहीत. दिलं तर चिवट जंतूच तेवढे मागे उरतात. मात्र थंडी वाजून ताप किंवा कुशीत दुखणं सुरू झालं तर ५ दिवसांची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. किडनीच्या ऊतीत हे औषध पोचत नाही.

आणि पुढे कधी नमुना द्यायचा झालाच तर पहिल्या डोसच्या आधी, मधल्या धारेचा. २ तासांत लॅबला पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिलेल्या बाटलीत जंतू वाढत राहतात, आणि कॉलनीचा आकडा फुगतो.