फार्गोची काळी माती: वाफसा येतो तरी कधी?

थंडीतला_शेतकरी:
नमस्कार मंडळी, नोकरीमुळे दोन वर्षं झाली अमेरिकेत नॉर्थ डकोटात आहे, फार्गो शहराची कॅस कौंटी. ऑफिसातल्या एकाची कॅसल्टनजवळ शेती आहे, गहू सोयाबीन मका, त्याने बांधाकडेचा थोडा तुकडा मला दिलाय, म्हणाला कर काय करायचं ते. माती बघून मी खूश, आपली काळी कापसाची जमीन असते ना डिट्टो तशीच, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हटलं ही तर ओळखीची.

कसली ओळखीची! मागच्या वर्षी 20 एप्रिलला मस्त ऊन पडलं, हवा 65 फॅरनहाइट, टिलर घेऊन गेलो, वरून कोरडं दिसत होतं आणि चार इंच खाली नुसता गारेगार लगदा, टिलरच्या दातांना अशी लपेटली की काठीने खरवडून काढत होतो. मग ती ढेकळं वाळून ज्या विटा झाल्या त्या ऑगस्टपर्यंत विटाच. बटाट्याचं निम्मं बियाणं कुजलं, घेवडा उगवला पण पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, टोमॅटो 12 मेला लावले आणि दोनच दिवसांनी पहाटे दहिवराने (गोठलेल्या दवाने) काळे. शेतमालक काही बोलला नाही, नुसता हसला.

यंदा नक्की कधी शिरू शेतात, म्हणजे माती ना चिखल ना दगड अशी वाफशावर कधी येते? आणि पिवळेपणावर एकाने चुना टाक सांगितलंय, टाकू का?

ढेकूळफोड्या:
चुना अजिबात टाकू नकोस!! आधी हे वाच मग बाकीचं.

तुझी जमीन बहुतेक 'फार्गो' नावाच्या मातीची किंवा तिच्या जवळपासची असणार. हिमयुगाच्या शेवटी इथे अ‍ॅगॅसिझ नावाचं अवाढव्य सरोवर होतं, त्याच्या तळाशी बसलेला बारीक गाळ म्हणजे ही माती, निम्मी तर चिकणच. त्यात मूळचाच चुना भरपूर, सामू (पीएच) साडेसात आठ. म्हणून घेवडा, सोयाबीन पिवळं पडतं, मातीत लोह असतं पण मुळांना घेता येत नाही, आणि ओल जास्त असेल तर आणखी वाईट. इथले सोयाबीनवाले वाणच असं निवडतात की जे पिवळं पडत नाही. वाणाला पर्याय नाही, नाहीतर ईडीडीएचए चिलेटवालं लोह (अशा मातीतही मुळांना घेता येईल असं बांधलेलं) मिळतं ते दे, साधं फेरस सल्फेट या जमिनीत घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

भेगा, फुगणं, आकसणं हे आपल्या काळ्या जमिनीसारखंच, दोन्ही एकाच गटातल्या. पण आपल्याकडे उन्हाळा तिला तापवून फोडतो, इथे ते काम थंडी करते. जमीन चार-पाच फूट गोठते, मातीतल्या पाण्याचा बर्फ होऊन फुगतो आणि ढेकळं आतून फुटतात. म्हणून खणायचं ते ऑक्टोबरात, आणि तसंच ओबडधोबड सोडून द्यायचं. एप्रिलमध्ये तीच माती हाताने चुरगाळता येते. तू वसंतात खणून थंडीने फुकटात करून दिलेलं काम मोडीत काढलंस 😅

मीनल_वेस्टफार्गो:
ढेकूळफोड्या दादा म्हणतात ते बरोबर, पण सगळी जमीन उघडी नका ठेवू हं. हिवाळ्यात बर्फ कमी आणि वारं सुटलं की उघडी काळी माती उडून बर्फावर बसते, इथले लोक त्याला स्नर्ट म्हणतात (स्नो अधिक डर्ट), पहिल्या वर्षी मला वाटलं शेजारी कोणी कोळसा सांडलाय. गव्हाची धसकटं राहू द्यावीत थोडी.

मी अकरा वर्षं परसबाग करते. तारखेवर जाऊ नका, जमिनीत थर्मामीटर खुपसा. एनडीएसयूचं (नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटी) हवामान केंद्रांचं जाळं आहे, एनडॉन, त्यावर उघड्या मातीचं तापमान रोज मिळतं. गहू, वाटाणा, पालक 40 फॅरनहाइटला चालतात, मका 50, घेवडा 60 च्या वर. टोमॅटो-मिरची मी मेच्या शेवटच्या आठवड्याआधी बाहेर काढतच नाही, आणि सप्टेंबरात परत दहिवर, त्यामुळे रोपं मार्चअखेर घरात लाइटखाली. सीझन तोकडा पण जूनमध्ये दिवस जवळजवळ सोळा तासांचा, वेल अशा पळतात की विचारू नका. कांदा मात्र लाँग-डे जातीचाच, आपल्याकडच्या जाती या मोठ्या दिवसाला घाबरून गोटीएवढ्या असतानाच गड्डा धरतात.

आणि गादी वाफे करा, आठ-दहा इंच उंच! ते चार-पाच दिवस आधी तापतात आणि बी कुजत नाही.

जुना_वाफसावाला:
सगळे तापमानावर घसरलात, पाण्याचं कोणी बोलेना. फार्गोची रेड नदी उत्तरेला वाहते राव, म्हणजे दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो आणि पुढे कॅनडात विनिपेगकडे नदी अजून गोठलेली, त्यात जमीन अशी सपाट की मैलाला जेमतेम फूटभर उतार. पाणी जाणार कुठे? 2009 ला फार्गोत नदी 40.84 फुटांवर गेली होती, तो आजवरचा विक्रम. पूर नसला तरी शेतातलं पाणी तसंच हळूहळू सरकतं. म्हणून मोठे शेतकरी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालतात. तुझ्या तुकड्याला ते परवडायचं नाही, कडेने चर मार आणि तो बांधाकडच्या नाल्याला जोड, मालकाला विचारून.

वाफसा बघायची रीत इथेही तीच. वरची माती सोडून चार इंच खालची मूठभर घे, घट्ट दाब, कमरेच्या उंचीवरून सोड. फुटली तर शीर शेतात. चेंडू तसाच राहिला किंवा बोटांमधून चकचकीत रिबन निघाली तर गुपचूप घरी जा. शेजारचे मोठे ट्रॅक्टर उतरले म्हणजे वाफसा आला असंही समजू नकोस, ते कधी कधी पीकविम्यासाठी ठरलेल्या पेरणीच्या शेवटच्या तारखेमुळे उतरतात आणि नंतर चाकाखाली दबलेल्या पट्ट्यात पीक खुरटं राहतं.

पांढरी झाक असलेला भाग आहे का कुठे? तो खारवट, तिथे घेवडा नको, बीट लाव.

थंडीतला_शेतकरी:
भारी, धन्यवाद सगळ्यांना. पांढरी झाक आहे, नाल्याच्या कडेला, मला वाटलं राहिलेला बर्फ आहे. बटाट्याचं काय करू पण?

ढेकूळफोड्या:
बटाटा या चिकणीत सुखाने पोसतच नाही, काढताना निम्मे फावड्याने कापले जातात. व्यापारी बटाटा हलक्या, वाळूच्या जमिनीत घेतात. हौस असेल तर एका गादी वाफ्यात, भरपूर कंपोस्ट घालून, आणि कापलेलं बियाणं दोन-तीन दिवस सुकवून मग लाव, ओलं कापलेलं थंड मातीत घातलंस म्हणूनच कुजलं.

थंडीतला_शेतकरी:
आत्ताच शेतावरून आलो. चार इंच खालची मूठ घेतली, सोडली, चेंडू टप्प करून पडला आणि तसाच राहिला. परत आलो. रविवारी पुन्हा जातो.