बेटांवरील शाळांना परदेशी मदत: संगणक मिळाल्यानंतरचा खर्च कोण करतो?

प्रश्न (जुळे सोलापूर):
प्रशांत महासागरातील छोट्या द्वीपराष्ट्रांत शाळांची डागडुजी आणि संगणक यांसाठी जपान, ऑस्ट्रेलिया, तैवान, चीन असे देश पैसे देतात. देणाऱ्यांना यातून काय मिळते, आणि फीत कापून झाल्यावर पुढचा खर्च कोणाच्या माथी येतो? आमच्या वाचक मंडळात यावर चर्चा ठेवली आहे, म्हणून जाणकारांनी लिहावे.

उत्तर (होटगी रस्ता, राज्यशास्त्राचा अध्यापक):
पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: देश केवढाही असो, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्याला एक मत असते, आणि देणाऱ्याला ते मत किंवा राजनैतिक मान्यता हवी असते. नाउरूने जानेवारी 2024 मध्ये तैवानची मान्यता काढून चीनला दिली, तेव्हा 21 चौरस किलोमीटरच्या त्या बेटाची बातमी जगभर झाली.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. जपानची 1989 पासूनची तळागाळातील प्रकल्पांसाठीची अनुदान योजना वर्गखोल्या बांधून देते, परंतु चालू खर्च उचलत नाही, आणि बहुतेक दात्यांची रीत थोड्याफार फरकाने अशीच असते. याउलट, जेमतेम 11 हजार वस्तीच्या तुवालूसाठी 1987 मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या साहाय्याने एक कायमस्वरूपी निधी उभारण्यात आला. त्याच्या गुंतवणुकीचे उत्पन्न सरकारच्या अंदाजपत्रकाला हातभार लावते. दात्याने वस्तू देण्याऐवजी ठेव ठेवावी, असे माझे मत त्यावरूनच झाले आहे.

उत्तर (मोहोळ तालुका, जि. प. शिक्षक):
सरांशी सहमत आहे. आमच्या शाळेला एका दात्याने संगणक दिले. यूपीएसच्या बॅटऱ्या फुगून झाकण वर आले, कॅबिनेटच्या पंख्यावर काळ्या धुळीचा थर बसला आणि सादिल (किरकोळ खर्चाच्या) अनुदानातून वीजबिलच कसेबसे भागत असल्याने दुरुस्ती रखडली. तरी आम्हाला एसटीने तासाभरात सोलापूर गाठता येते. बेटावर खारी हवा पत्र्यापासून मदरबोर्डपर्यंत सगळ्याला गंज चढवते आणि सुटा भाग विमानाने किंवा जहाजाने यावा लागतो. न्यूए या बेटाने 2008 मध्ये आपल्या सुमारे 500 शाळकरी मुलांना, म्हणजे एकूण एक विद्यार्थ्याला, लॅपटॉप दिले होते. वाटप एकदाच करायचे असते, दुरुस्ती मात्र दरवर्षी निघते.

उत्तर (अशोक चौक):
ठेवीची कल्पना उत्तम आहे, पण ती सरसकट लागू पडेल असे वाटत नाही, कारण मदत देणाऱ्या खात्यांचा हिशेब आर्थिक वर्षाबरोबर मिटतो आणि ठेवीसारखी रक्कम वर्षानुवर्षे अडकवून ठेवायला तिथले अधिकारी सहसा राजी नसतात. दरवर्षी मिळणारी छोटी रक्कम या कामाला अधिक उपयोगी पडेल. भारताने 2014 मध्ये फिजीची राजधानी सुवा येथे प्रशांत महासागरातील 14 द्वीपराष्ट्रांपैकी प्रत्येकाचे वार्षिक अनुदान सव्वा लाखावरून दोन लाख डॉलर करण्याचे जाहीर केले होते. त्यातील काही भाग बॅटऱ्या, रंगरंगोटी आणि तंत्रज्ञाच्या प्रवासासाठी राखून ठेवता येईल. ते जमत नसेल, तर खरेदीच्या निविदेतच पाच वर्षांचा देखभाल करार घालून त्याची किंमत दात्याकडून आगाऊ भरून घ्यावी.