घरीच पुन्हा बांधलेली जुनी गाडी: तुमचे अनुभव लिहा

काल खोदादाद सर्कलच्या सिग्नलला मागून येझदी मोटरसायकलचा आवाज आला आणि मान आपोआप वळली. दोन सायलेन्सर, निळा धूर. बाबांची येझदी रोडकिंग डोळ्यांसमोर आली. परळच्या चाळीत गॅलरीत पेपर अंथरून ते इंजिन खोलायचे, आम्ही पोरं नट-बोल्ट रॉकेलात धुवायचो. येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 ला बंद पडला, तरी त्यांनी गाडी विकली नाही. ते गेल्यावर मी आणि धाकट्याने बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ती पुन्हा बांधली. रंग आणि सिलिंडरच्या बोअरचं काम तेवढं बाहेर, बाकी सगळं घरी. चालू झाली तेव्हा आई खिडकीत आली. आवाजावरूनच तिला कळलं होतं.

तुमच्यापैकी कोणी असा उद्योग केलाय? लिहा ना.

*टूस्ट्रोक_दादर*
टाकीचा गंज!! यामाहा आरएक्स 100 ची पेट्रोलची टाकी, आत नुसत्या खपल्या. आधी पेट्रोलचा कॉक काढा, भोक बुजवा. मूठभर बारीक नट आणि पांढरं व्हिनेगर टाकून रात्रभर ठेवली, मधून मधून हलवत होतो. सकाळी ओतलं तर कडक चहासारखं पाणी. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची आणि लगेच हेअर ड्रायरने वाळवायची, नाहीतर आपल्या दमट हवेत बघता बघता परत पिवळी पडते. वाळली की आतून ऑइल फिरवा.

*शुभांगी_ठा*
हेअर ड्रायर कोणाचा ते पण लिहा 😄

*टूस्ट्रोक_दादर*
बायकोचा. नवीन आणून दिलाय.

*लालबागचा_पाना*
रोडकिंगला किक आणि गियर एकाच दांड्यावर, तिथला शाफ्ट आधी तपासा. पार्टसाठी शुक्रवारी पहाटे चोर बाजार, टॉर्च घेऊन. मला ओरिजिनल हेडलाइट तिथेच मिळाला. नवीन माल चकाचक दिसतो पण क्रोम एका पावसाळ्यात फुगतो. खरचटलेला का होईना, जुनाच लावा.

*अनघा_गोरेगाव*
स्कूटर चालेल ना? सासऱ्यांची बजाज प्रिया, साताऱ्याला बनायची ती. नवऱ्याने लॉकडाऊनमध्ये चक्क हॉलमध्ये खोलली. फरशीवरचा डाग अजून आहे, पण सासरे रोज खुर्ची टाकून शेजारी बसायचे, कार्ब्युरेटरचा हा जेट तो जेट सांगत. इतके बोललेले मी कधी... कुकर झाला, नंतर लिहिते.

*कागदवाला*
इंजिनाइतकंच कागदांकडे बघा. 15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण, मग दर 5 वर्षांनी. शिवाय पर्यावरण कर. वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारस म्हणून नावावर करून घ्या. 50 वर्षांपुढच्या गाडीला 2021 च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी मिळते, पण मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही.

*शुभांगी_ठा*
@अनघा, पुढे काय झालं?

*मुलुंडकर_ताई*
वाचून भरून आलं. दादा गेल्या वर्षी गेला. त्याची बुलेट झाकून ठेवलीय, हात लावायचं धैर्य होत नाही.

*लालबागचा_पाना*
ताई, खोलू नका हवं तर. पण बॅटरी काढून ठेवा, स्पार्क प्लग काढून त्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि किक हाताने हळू फिरवा, म्हणजे पिस्टन जाम होणार नाही. मुलुंडला कुठे? रविवारी येऊन करून देतो.

*मुलुंडकर_ताई*
पूर्वेला. या, जेवायलाच या.