‘व्हल्नरेबिलिटी’ला काय म्हणावे : असुरक्षितता, भेद्यता की फट?

टिपणकार : महाविद्यालयीन मुलांसाठी एथिकल हॅकिंगच्या, म्हणजे दोष शोधण्यासाठी संगणक यंत्रणेत शिरून पाहण्याच्या, प्रात्यक्षिकांची वही लिहीत आहे. ‘व्हल्नरेबिलिटी’साठी, म्हणजे ज्यातून घुसखोर आत शिरू शकतो अशा यंत्रणेतल्या दोषासाठी, मी ‘असुरक्षितता’ लिहिले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, सर्व्हरला असुरक्षित वाटते का?” तिची शंका रास्त होती. पहिले प्रात्यक्षिक ‘मेटास्प्लॉइटेबल २’ या मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकावर, आहे. तिच्या २१ क्रमांकाच्या पोर्टला, म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याच्या दाराला, जोडून वापरकर्त्याच्या नावाअखेर अपूर्णविराम आणि उजवा कंस, म्हणजे हसरा चेहरा, टाइप केला की ६२०० क्रमांकाचे पोर्ट उघडते आणि थेट रूटचे, म्हणजे मशीनवरचे सर्वोच्च, अधिकार हाती येतात. याला मी ‘चोरदरवाजा’ म्हटले आहे. दोन्ही शब्दांबद्दल मत हवे आहे.

दुर्गवाचक : चोरदरवाजा मला पटत नाही. गडाची चोरवाट गड बांधणाराच राखून ठेवतो. इथे २०११ साली, त्या २१ क्रमांकाच्या पोर्टवर चालणाऱ्या व्हीएसएफटीपीडी २.३.४ या फाईल देवाणघेवाणीच्या प्रोग्रामची मूळ संकेतस्थळावरची फाईलच कोणीतरी परस्पर बदलली आणि लोकांनी ती विश्वासाने उतरवून घेतली. ही फितुरी आहे.

कोशप्रेमी : ‘अभेद्य तटबंदी’ शाळकरी मुलालाही कळते, मग ‘भेद्यता’ का कळू नये? धातू ‘भिद्’, म्हणजे फोडणे. साम, दाम, दंड, भेद यांतला भेदही तोच, तेव्हा आपली फितुरीही त्यात आलीच. ‘हॅकिंग’ही टाळून ‘नैतिक भेदन’ म्हणावे.

लॉगवाचक : रात्रपाळीत आम्ही ‘फट राहिली’ असेच म्हणतो. भेद्यता हा गुण झाला, तर फट मोजता येते. ‘तीन सापडल्या, दोन बुजवल्या’ असे अहवालात सरळ लिहिता येते. शिवाय हॅकिंगला हद्दपार कशासाठी करायचे? अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या मॉडेल रेल्वे क्लबच्या १९५५ च्या इतिवृत्तात हा शब्द विजेच्या जोडण्यांवर खटपट करण्यासाठी आला आहे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमाच्या शीर्षकात पूर्वी हॅकिंग होते, पण २००८ च्या दुरुस्तीने ते गेले.

कोशप्रेमी : मग ‘नैतिक’ही तपासावे लागेल. त्याच कायद्याचे ४३ वे कलम मालकाच्या परवानगीवर बेतलेले आहे. हेतू चांगला असूनही परवानगी नसेल, तर ‘नैतिक’ या विशेषणाने मुलांची दिशाभूल होईल.

दुर्गवाचक : म्हणूनच लॅबला ‘तालीम’ म्हणावे असे मला मनापासून वाटते, कारण तिथे दोघेही राजीखुशीने मातीत उतरतात आणि डावाबरोबर त्याची तोडही शिकतात. एकाने ६२०० वर जोडणी करावी, दुसऱ्याने ती वायरशार्क या नेटवर्कवरची ये-जा दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये हेरून, नको ती जोडणी अडवणाऱ्या फायरवॉलचा नियम लिहावा आणि मग जागा बदलाव्यात.

टिपणकार : ‘तालीम’ आणि ‘तोड’ घेतो, आणि परवानगीपत्राचा नमुना पहिल्याच पानावर घालतो. ‘असुरक्षितता’ खोडली असून तिथे सध्या पेन्सिलीने ‘फट’ लिहिले आहे.

कोशप्रेमी : नाम निभावेल, पण विशेषणाचे काय करणार? ‘व्हल्नरेबल सर्व्हर’ला तुम्ही ‘फटीचा सर्व्हर’ म्हणाल का?